कंडोलन्सचा मानी

आमच्या घरात इंग्रजी पहिल्यांदा शिरली ती पुस्तकांतून नव्हे, लोकांच्या पाकिटांतून. खाडीच्या अलीकडे आमचा मोहल्ला, पलीकडे रत्नागिरी शहर, आणि मधे तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. मोहल्ल्यात दर दोन घरांआड एक पुरुष जहाजावर असायचा. कुणी खलाशी, कुणी भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, कुणी इंजिनात तेल घालणारा. ते दहा-दहा महिने दिसायचे नाहीत, त्यांच्याऐवजी मुंबईच्या कंपन्यांची लांबट पाकिटं यायची, आणि ती वाचणार कोण हा दरवेळी प्रश्न. माझे अब्बा होड्या बांधणारे सुतार. त्यांना कुराण वाचता यायचं, सही करता यायची, आणि लाकडाला नख लावून ते किती पावसाळे काढील हे सांगता यायचं. पुढे अक्षर नाही. पण त्यांच्या दोन मुलींतली धाकटी, म्हणजे मी, शहरातल्या उर्दू शाळेत जात होते. आठवीत असताना शेजारच्या घरी आलेलं एक पाकीट मी वाचलं आणि जहाज आठ दिवस उशिरा लागणार आहे एवढं बरोबर सांगितलं. नवव्या दिवशी माणूस ट्रंक घेऊन दारात उभा. त्या आठवड्यात अब्बांनी उरलेल्या फळ्यांचं एक बाक करून ओट्यावर ठेवलं. पत्र घेऊन येणाऱ्यानं त्याच्यावर बसायचं.

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाली की लोक यायचे. पलीकडच्या वाडीतून, वरच्या गावातून, एकदा तर होडी करून तिसऱ्या बंदरातून. अब्बा आधी हात धुवायचे, पाकीट उजेडाला धरून बघायचे, आतला कागद फाटणार नाही अशी कड शोधायचे, आणि मग आपल्या बारीक पटाशीनं ते उघडून माझ्या हातात द्यायचे. मी वाचत असताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत, ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचे. वाचणावळ घ्यायची नाही हा त्यांचा नियम होता, त्यामुळे लोक ताटलीत काहीबाही झाकून आणायचे. तळलेले बांगडे, नारळाच्या दुधातलं सांदण, फणसाच्या दिवसांत गरे. मा ती ताटली धुऊन परत करताना त्यात काहीतरी घालायचीच. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. घरात काही नसलं तर साखरेचे चार दाणे, पण भांडं रिकामं जाता कामा नये. रिकामं भांडं परत गेलं म्हणजे दोन घरांतलं काहीतरी संपलं असं समजायचं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बाईमाणसांतली नव्हे, एकूणच पहिली. हे मी जिथे तिथे सांगते, आणि लोकांना ते आवडत नाही हे मला कळतं. सांगताना मला लाज वाटत नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

घरात आम्ही आमची कोकणी बोलायचो, तरीवर आणि बाजारात मराठी, शाळेत उर्दू. इंग्रजी या तिघींच्या डोक्यावर बसलेली. ती आम्हाला शिकवणारे मास्टरसाहेब उंच, खोकणारे, आणि शिस्तीचे. त्यांची एक वही असायची, म्हणजे आमची प्रत्येकीची, पण आम्ही तिला त्यांचीच म्हणायचो. तिला तीन रकाने. पहिल्यात लफ्ज, म्हणजे इंग्रजी शब्द. दुसऱ्यात मानी, म्हणजे त्याचा उर्दू अर्थ. तिसऱ्यात जुमला, म्हणजे तो शब्द घालून आपण केलेलं वाक्य. रोज दहा शब्द. मास्टरसाहेब बाकांमधून फिरत यायचे आणि वहीवरून नजर फिरवायचे ती चुका बघायला नव्हे, कोरा रकाना बघायला. चुकीच्या अर्थाला ते नुसती खूण करायचे. कोऱ्या रकान्याला मात्र पट्टी. “गलत लिखनेवाला सीख जाएगा,” ते म्हणायचे, “खाली छोड़नेवाला कभी नहीं.” एकदा तपासनीस येऊन गेले होते आणि कोऱ्या वह्यांवरून मास्टरसाहेबांना बोलले होते, असं मोठ्या मुली सांगायच्या. खरं-खोटं माहीत नाही. पण आम्ही सगळ्या एक गोष्ट पक्की शिकलो. अर्थ येत नसला तरी रकाना भरायचा. शेजारचे शब्द बघायचे, वाक्याचा कल बघायचा, आणि बसेल असं काहीतरी ठोकून द्यायचं. मी त्यात हुशार होते. दहातले तीन शब्द मी असेच भरायची आणि त्यांतले दोन बरोबर निघायचे.

आता माझी नात फोनला शब्दाचा अर्थ विचारते आणि फोन तो उर्दूत सांगतो, तोही बाईच्या आवाजात. कधी कधी त्याला येत नसलं तरी तो सांगतोच, न अडखळता. नात हसते. मला हसू येत नाही. ती खोड मी ओळखते.

आपा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. रुकय्या नाव, पण मी जन्मभर आपाच म्हणत आले. चौथीनंतर तिची शाळा सुटली. सुटली म्हणजे काढली. माच्या कमरेचं दुखणं सुरू झालं, पाणी भरायला माणूस हवं होतं, आणि दोघींतली एक शिकणार हे अब्बांनी ठरवलं तेव्हा त्यांनी हुशारी पाहिली नाही, वय पाहिलं. आपा माझ्याहून कमी हुशार होती असं मला कधी वाटलं नाही. मी संध्याकाळी ओट्यावर पाठ करायची तेव्हा ती चुलीजवळ तांदळाची भाकरी थापता थापता माझे शब्द माझ्याआधी म्हणायची. सकाळी माझ्या डब्यात भाकरी आणि सुक्या सोड्यांची चटणी ती भरायची, तरीपर्यंत मला सोडायला यायची, आणि तर सुटली की वळून न बघता परत जायची. मी शिकले ते तिच्या हातांवर उभं राहून. हे मी तेव्हाही जाणत होते, म्हणून पुढचं लिहिणं जड जातं.

मी कॉलेजात गेले त्याच वर्षी आपाचं लग्न झालं. मुलगा आमच्याच मोहल्ल्यातला, मशिदीपलीकडच्या घरचा, यासीनभाई. जहाजावर खलाशी. कमी बोलणारा, हसताना तोंडावर हात धरणारा. घरात तो आणि त्याची आई अमीनाखाला, दोघंच. लग्नानंतर दीड महिना तो घरी होता. त्या दीड महिन्यात आपाच्या केसांत रोज सुरंगीचा वळेसर असायचा, आणि ती आमच्याकडे आली की मा तिला चिडवायची की पाणी भरायला आलीस की वास पसरायला. मग त्याचं बोलावणं आलं आणि तो गेला. जाताना त्यानं मला सांगितलं होतं की मी पत्र इंग्रजीत लिहीन, तुझी परीक्षा घेईन. त्याला सही करण्यापुरतीच इंग्रजी येत होती. थट्टा होती.

पाकीट आलं ते पाच-साडेपाच महिन्यांनी. या वेळी आमच्या ओट्यावर नाही, मला खालाच्या घरी बोलावणं आलं, आणि बोलावणं आणणारा माणूस चपला न काढता अंगणातच उभा राहिला तेव्हाच अब्बा समजले. पडवीत माणसं जमली होती. जमातीचे वडीलधारे दाऊदचाचा खुर्चीवर, बाकीचे भिंतीला टेकून. अमीनाखाला खाली चटईवर, पाय पोटाशी घेऊन. आपा आत, माजघराच्या पडद्यामागे. तिचा फक्त हात दिसत होता, चौकट धरलेला, मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या. अब्बांनी पटाशी आणली नव्हती. त्यांनी पाकीट बोटानं फाडलं, आणि कागदाचा कोपरा फाटला.

“वाच गो बाय,” खाला म्हणाली. “जा लिवलाय ता वाच. मधला काय गाळू नको.”

मी वाचलं. टंकलेलं पत्र होतं, अर्ध्या पानाचं. आधी सगळं इंग्रजीत एकदा मनात, मग एकेक वाक्य आमच्या बोलीत. जहाज अमुक समुद्रात असताना सकाळच्या पाळीला यासीनभाई हजर नव्हते. जहाजभर पाहिलं. जहाज मागं फिरवलं. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पाण्यात शोध केला. जवळपासच्या जहाजांना कळवलं. सापडले नाहीत. मी थांबले. सतरा वर्षांची होते, पण एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर हे सगळं लिहिणं खोटं. त्याही घटकेला माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात हे होतं की मी एकही शब्द न अडता वाचलं.

दाऊदचाचांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी माझं बोट कुठं थांबलं ते पाहिलं होतं. ते म्हणाले, “आजून एक वळ हाय.”

एक ओळ होती. कंपनी आपल्या कुटुंबाला काहीतरी कळवते, अशी. सगळे शब्द येत होते, एक सोडून. कंडोलन्सेस. तो मी कधी ऐकला नव्हता, वाचला नव्हता, माझ्या कुठल्याच वहीत नव्हता. मी त्याच्याकडे बघत राहिले. आज मला त्या क्षणाचं सगळं आठवतं. छपराच्या कौलातून पडलेला उन्हाचा कवडसा, फाटलेला कोपरा, अब्बांचं माझ्याकडे वळलेलं तोंड. अब्बा वाचताना कधी माझ्याकडे बघायचे नाहीत. त्या वेळी बघत होते. मला येत नाही, एवढे तीन शब्द बोलायचे होते. आमच्याच बोलीतले, कुठल्याही वहीत न बघताही बोलता येणारे.

मी शेजारचे शब्द पाहिले. पत्राचा शेवट. कंपनी. कुटुंब. कळवते. पत्राच्या शेवटी काय असतं? मी रकाना भरला.

“शेवटी सलाम-दुआ हाय,” मी म्हटलं. “कंपनी घरच्या सगळ्यांना सलाम-दुआ कळवते.”

अमीनाखाला तोवर दगडासारखी बसली होती. तिनं मान वर केली. “परत बोल,” म्हणाली. मी परत बोलले. दुसऱ्यांदा बोलताना मला ते जास्त खरं वाटलं. ती उठून उभी राहिली, आणि दाऊदचाचांकडे वळून म्हणाली, “ऐकलाव ना? मयताच्या घरी सलाम-दुआ धाडतात काय? माजा पोर गेला असता तर ताजियत लिवली असती. सायेब लोक हायत, त्यांना रीत कळते.”

ताजियत म्हणजे मयताच्या घरी जाऊन जे बोलायचं ते. दुखवट्याचे शब्द. आमच्यात कितीही वैर असलं तरी ताजियतला जातात, आणि गेलेल्याचं नाव घेऊन ते शब्द बोलले की मग कुणी म्हणत नाही की माणूस आहे. त्या बोलण्यानं माणूस गेला हे ठरतं. दाऊदचाचांनी दाढीवरून हात फिरवला. मय्यत नाही, बघणारा साक्षीदार नाही, आणि कंपनीची ताजियतही नाही. त्यांनी मला विचारलं, ताजियतचा लफ्ज कुठं आहे का, नीट बघ. मी बघितल्यासारखं केलं आणि नाही म्हटलं. मग ठरलं. यासीन बेपत्ता आहे, मेलेला नाही. कुठल्यातरी बंदराला लागला असेल. कुणीतरी पूर्वी असाच एक माणूस वर्षभरानं परत आल्याची गोष्ट काढली, दुसऱ्यानं त्यात भर घातली, आणि बघता बघता पडवीत चहा फिरला. इद्दत नाही. नवरा गेलेल्या बाईनं चार महिने दहा दिवस घरात बसून काढायचे असतात, मग ती मोकळी. हवं तर माहेरी जावं, हवं तर दुसरं घर करावं. आपाला ते लागू नव्हतं. ती एका बेपत्ता माणसाची बायको होती आणि तिनं वाट बघायची होती. चौकटीवरचा हात तसाच होता. ती रडलीही नव्हती. रडायचं की नाही हे तिच्यासाठी पडवीत ठरत होतं, आणि ते नाही असं ठरलं.

घरी जाताना अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुझ्यामुळं त्या म्हातारीचा जीव राहिला.

त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी कॉलेजच्या जिन्याजवळच्या फलकावर एक कागद लागला. कुणी एक निवृत्त प्राध्यापक वारले होते, मी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. वर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘शोकसभा’, आणि खाली तेच इंग्रजीत. मी वाचत होते ती सुट्टी मिळणार का हे बघायला. खालच्या ओळीतला पहिला शब्द तो होता. शेवटचं एस सोडलं तर एकेक अक्षर तेच. मुलं मला ढकलून जिना चढत होती. मी वर ग्रंथालयात गेले, इंग्रजी-उर्दूचा जाडा कोश काढला. मानी एकच दिला होता. ताजियत. दाऊदचाचांनी मला ज्या शब्दाबद्दल विचारलं होतं तो, जसाच्या तसा. पिशवीत वही होती. मी शब्द लिहिला, मानी लिहिला, आणि तिसरा रकाना सोडला. माझ्या वहीतला पहिला कोरा रकाना.

त्या संध्याकाळी तरीतून उतरले ती सरळ होड्यांच्या बांधणीवर गेले. अब्बा एका होडीच्या फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचं ठोकणं थांबलं नाही, फक्त हळू झालं. मग त्यांनी विचारलं, किती जणांना ठाऊक आहे? मी म्हटलं, कुणाला नाही.

“मग त्या पाकिटाला आता पटाशी लावू नको,” ते म्हणाले.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते सगळं खरं होतं, हाच त्यातला वाईट भाग. तुझे दोन्ही चुलते आत्ताच म्हणतात की पोरीला तरीतून रोज शहरात धाडणं शोभत नाही. त्यांना मी सांगतो की ती तीन गावांची पत्रं वाचते. उद्या कळलं की हिनं जावयाचं पत्र उलटं वाचलं, तर तुझं कॉलेज राहील काय? तुझ्या मागं मोहल्ल्यातल्या चार पोरी आता शाळेत जातात, त्यांच्या बापांना मी काय तोंड दाखवू? आणि ती म्हातारी. तिला जाऊन काय सांगणार, तुझा पोर तीन महिन्यांपूर्वी मेला, आमच्या पोरीला वाचायला आला नाही? मी विचारलं, आणि आपा? तेव्हा मात्र त्यांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, “रुकय्या सोसणारी हाय.”

लोक मला सांगतील की तू लहान होतीस, बापानं गप्प बसवलं. तसं नाही. बापानं गप्प बस म्हटलं आणि मला ते हवं होतं. मला बी.ए. व्हायचं होतं. मला सांगायचंच असतं तर मी रडून भांडून सांगितलंही असतं, पण त्यांनी दार लावलं आणि मी कडी घातली.

कंपनीची आणखी दोन-तीन पाकिटं आली असं नंतर कळलं. खालानं ती उघडूच दिली नाहीत. जित्या माणसाचे कागद तो येऊन बघेल, म्हणायची. तिचा विश्वास दिवसागणिक घट्ट होत गेला आणि तो घट्ट ठेवायचं काम आपाकडं आलं. दर ईदला खाला स्वतः कासाराकडून हिरव्या बांगड्या आणून आपाच्या हातात भरायची. एखादी बांगडी पिचली तरी बोलणी. नवऱ्याच्या जिवावर उठलीस का गो, म्हणायची. सुरंगीच्या दिवसांत वळेसर केसांत माळलाच पाहिजे. जेवताना यासीनचं ताट मांडायचं, नंतर त्यातलं आपानं खायचं. मोहल्ल्यातल्या बायका तिला पाठीमागं हिरवी राँड, म्हणजे हिरव्या बांगड्यांतली विधवा, म्हणायच्या. एका बाईनं ते माझ्यासमोरच म्हटलं आणि मग जीभ चावली. मी तिच्याशी भांडले नाही. कुठल्या तोंडानं भांडणार?

मी रोज त्या घरावरून तरीला जायची. आपा विहिरीवर असली तर हात वर करायची, आणि उन्हात त्या बांगड्या चमकायच्या. दोनदा मी सांगायचं ठरवून तिच्या मागच्या दारापर्यंत गेले. एकदा खाला आडवी आली. एकदा कुणी आडवं आलं नाही, आपा एकटीच कोळंबी सोलत बसली होती, आणि मी तिला परीक्षेची तारीख सांगून परत आले.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी अब्बांनी पेढे वाटले. अख्ख्या मोहल्ल्यात. मी आपाकडे डबा घेऊन गेले. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, कानशिलांवर बोटं मोडली, डबा रिकामा करून धुतला, पुसला आणि त्यात साखर भरली. दाणे नव्हे, काठोकाठ. मग डब्यावर झाकण दाबत तिनं विचारलं, “आता झालीस ना बी.ए.? आता कोण तुला घरी बसवत नाय. काय सांगायचा राहिलाय काय मला?”

मी म्हटलं, नाही. काय राहणार?

तिनं डबा माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं, ती माझ्या लग्नाबद्दल विचारते आहे.

मी शहरात उर्दू शाळेत इंग्रजीची शिक्षिका झाले. वर्षं गेली. अमीनाखाला गेली तेव्हा आपा तीस वर्षांची होती, केस कानांपाशी पांढरे. खाला असेपर्यंत तिच्या मुलाला मेलेला म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. ती गेल्यावर म्हणायला कुणी उरलं नव्हतं. चाळिसाव्या दिवसाची दुआ झाल्यावर आपानं निरोप धाडला, दाऊदचाचांनाही आणि मलाही. अब्बांनाही. अब्बा आले नाहीत. होडीचं काम आहे म्हणाले. त्या वर्षी ते होड्या करतच नव्हते, त्यांचे हात थरथरायचे.

पडवी तीच, दाऊदचाचांची खुर्ची तीच. आपा या वेळी पडद्यामागं नव्हती. ती बाहेर येऊन बसली, आणि पत्र्याच्या ट्रंकेतून आणलेलं पत्र तिनं माझ्या हातात दिलं. फाटका कोपरा तसाच. म्हणाली, वाच. मी वाचलं. सापडले नाहीत इथवर आले. मग मी शेवटची ओळ वाचली. कंपनी आपल्या कुटुंबाला ताजियत कळवते.

दाऊदचाचा म्हातारे झाले होते. त्यांनी कानाला हात लावून परत विचारलं. मी परत सांगितलं, आणि मग सांगितलं की तेव्हा मला हा लफ्ज येत नव्हता, मी अंदाजानं बोलले. अकरा वर्षं ज्या वाक्याला मी घाबरले ते असं संपलं. मी वाट बघत होते की आता आभाळ कोसळेल. चुलते, चार पोरींचे बाप, तीन गावं. दाऊदचाचांनी नुसती मान हलवली. “आसा काय,” म्हणाले. “पोर होतीस. बोलायचा होतास तवाच.” आणि मग आपाकडे वळून, जमातीनं आज मानलं तर इद्दत आजपासून. एवढंच. ते काठी टेकत निघून गेले. ज्या अब्रूसाठी माझ्या बहिणीची अकरा वर्षं घातली, ती अब्रू कुणी मागायला आलंच नाही.

आपा बांगड्या काढत होती. फोडल्या नाहीत. हाताला साबण लावून एकेक उतरवत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं की मला कॉलेजात असतानाच कळलं होतं. ती म्हणाली, मला त्याच्याही आधी. पत्र आलं त्याच महिन्यात तिनं ते पदरात लपवून दवाखान्यातल्या नर्सबाईंना दाखवलं होतं. शेवटचीच ओळ दाखवली होती, कारण मी ती वाचताना अडले हे तिनं पडद्यामागून ऐकलं होतं. माझे शब्द माझ्याआधी म्हणणारी ती. मी कधी अडते हे तिला कळणार नाही असं मला कसं वाटलं?

मी विचारलं, मग तू का बोलली नाहीस? तिनं शेवटची बांगडी काढली, ती ओली होती, पुसून बाकीच्यांत ठेवली.

“माजा कोण ऐकणार? चौथी पास. वाचणारी तू होतीस,” ती म्हणाली. “दर्यात गेलेला मानूस येत नाय ता मला कळत होता. मी वाट त्याची नाय बघितली गो. तुजी बघितली.”

पुढं तीसेक वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवली. आम्ही वही तीच ठेवली, तीन रकान्यांची, पण माझ्या वर्गात येत नसलेल्या शब्दापुढं रकाना कोरा सोडला तर मार्क मिळायचा. शाळेत त्यावरून मला हसत. हसू देत. ज्या मुली भरून ठोकून द्यायच्या त्यांना मी उभं करायची, आणि मला माहीत आहे की कधी कधी गरजेपेक्षा जास्त कडक वागायची.

आपाच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी रोज शाळेतून आले की डबा घेऊन तिच्याकडे गेले. तिला आवडायचं ते सगळं माझ्या हातानं केलं. तिसऱ्यांचं सुकं, कैरीतली कोळंबी, सांदण. ती दार उघडायची, डबा घ्यायची, समोर बसून खायची, काही कमी-जास्त झालं तर सांगायची. भांडण नाही, अबोला नाही. मग डबा धुऊन, पुसून, झाकण लावून माझ्या हातात द्यायची. घरी येऊन मी तो रोज उघडून बघायची. एकाही दिवशी त्यात साखरेचा दाणा नव्हता.